साउथ टायरॉल: भाषा हवी की घर?

इटलीच्या उत्तर टोकाचा हा डोंगराळ मुलूख १३६३ पासून हाब्सबर्ग घराण्याकडे, म्हणजे ऑस्ट्रियाकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहात तो इटलीला मिळाला, पण लोक बहुतेक जर्मन बोलणारे! मग मुसोलिनी आला. शाळांमधून जर्मन हद्दपार, गावांची नावं इटालियन. पोरं चोरून, कुणाच्या तरी घरात बसून जर्मन शिकायची.

१९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीनं ठरवलं: भाषा हवी तर जर्मनीत जा, घर हवं तर इटालियन व्हा. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक ‘जातो’ म्हणाले. युद्धामुळे प्रत्यक्षात गेले साधारण ७५,००० च. मला जास्त लागलं ते वेगळंच. जे राहायचं म्हणाले, त्यांना शेजारीच गद्दार म्हणायला लागले.

१९७२ मध्ये मोठी स्वायत्तता मिळाली. आता शाळा जर्मनमध्येही आहेत, इटालियनमध्येही. गावांच्या नावांवरून वाद मात्र अजून होतात.