कानस कुठे चालवावी? रिकर्व्ह धनुष्याच्या जोडाची पन्नास वर्षं

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी बावन्न वर्षांच्या खंडानंतर परतली आणि त्याच सुमारास स्पर्धेच्या धनुष्याचे तीन भाग होऊ लागले: मधला मुठीचा रायझर, ज्याला आपल्याकडे मैदानावर सर्रास हँडल म्हणतात, आणि वर-खाली बसणारी दोन पाती, म्हणजे लिंब. तोवर धनुष्य बहुधा एकसंध असे. ओढ वाढवायची तर धनुष्यच नवं घ्यायचं. सुट्या पात्यांनी ती अडचण सोडवली, पण जो तो कारखाना आपला जोड वेगळा ठेवू लागला. कुणाचा बोल्ट जाड, कुणाची पिन दोन सूत पुढे, कुणाचा कोनच निराळा. एकाचं पातं दुसऱ्याच्या हँडलवर चढवायचं तर ड्रिल आणि कानस हातात घेण्यावाचून गत्यंतर नसे. या साऱ्या काळाकडे पाहताना एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: जोड जुळवण्यासाठी जे कापायचं, घासायचं, भोक पाडायचं ते धातूत करावं, पात्याला हत्यार लावू नये.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या हॉइट कंपनीने आणलेल्या जोडाने चित्र पालटलं. आज तो आयएलएफ या नावाने ओळखला जातो. पात्याच्या टाचेला यू आकाराची उघडी खाच असते, ती हँडलवरच्या बोल्टाच्या डोक्याखाली सरकते. थोडं पुढे, पात्यात बसवलेला डव्हटेलचा धातूचा तुकडा हँडलच्या खोबणीत शिरतो आणि त्यातली स्प्रिंगवरची बारीक पिन टक्‌ करून बसते. पातं धरून ठेवायला वेगळा स्क्रू आवळावा लागत नाही. दोरी चढली की तिचाच ताण पात्याला जागेवर दाबून ठेवतो. बोल्ट फिरवून ओढ साधारण दहा टक्क्यांच्या पट्ट्यात कमी-जास्त करता येते, वरच्या-खालच्या पात्यांचा तोल, म्हणजे टिलर, तिथेच लागतो. पुढे कोरियातल्या आणि इतर कारखान्यांनीही हाच जोड उचलला. एकाचं हँडल आणि दुसऱ्याची पाती ही गोष्ट नेहमीची झाली. कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्यात असं घडलं नाही. तिथे पात्यांची बैठक आजही ज्याची त्याची.

पिंपळे सौदागरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. मुळेपलीकडे बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे आणि फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून लष्करात आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, हे इथल्या पालकांनी पाहिलं आहे. मूल सोळा-अठरा पाउंडांच्या, लाकडी हँडलच्या स्वस्त धनुष्यावर सुरुवात करतं. त्या धनुष्याची पाती एका बोल्टाने आवळलेली असतात. दीड-दोन वर्षांत धातूचं हँडल येतं आणि जुनी पाती त्यावर बसत नाहीत. मग ती बसवून घेण्याचा मोह होतो, आणि तो आपल्या भागात जास्त होतो, कारण भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हातही आहेत, यंत्रंही आहेत. व्हीएमसी यंत्रावर शतांश मिलिमीटर पाळणाऱ्या माणसाला फायबरच्या पट्टीत एक खाच पाडणं अवघड का वाटावं?

अवघड नाहीच, धोक्याचं आहे. पात्याच्या गाभ्यात लाकूड किंवा फोम, दोन्ही अंगांना काच किंवा कार्बनचे लांबीच्या दिशेने जाणारे तंतू आणि सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं. ड्रिल हे तंतू तोडतं, आणि बिटाने खालचा थर उचलला तर चिकटवलेल्या थरांत केसाएवढी फट राहते. ती वरून दिसत नाही, व्हर्नियरला सापडत नाही. काही हजार बाणांनंतर पातं सुटतं तेव्हा कळते. मापाचा प्रश्न तर वेगळाच. बोल्ट आणि डव्हटेल यांच्यात साठ मिलिमीटर अंतर धरलं आणि खाच अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तर अर्धा मीटर दूरच्या टोकाशी ती चूक चार मिलिमीटर होते. दोरी हँडलच्या मध्यावरून जात नाही, पातं पिळतं. टाचेचा कोन एका अंशाने चुकला तर टोक आठ-नऊ मिलिमीटर पुढे-मागे सरकतं आणि ओढ, दोरीची उंची, टिलर सगळंच बिघडतं.

यावर जाणकार म्हणतील, टाच वाकत नाही, वाकतो तो पुढचा भाग. कारखानाही खाच टाचेतच पाडतो. हे खरं आहे. पण त्या खाचेसाठी कारखान्याने तिथे आधीच जाडीची पाचर घातलेली असते, खाचेचे कोपरे गोल ठेवलेले असतात. शिवाय न वाकणारी जागा म्हणजे भार नसलेली जागा नव्हे. चाळीस पाउंडांच्या धनुष्यात एका टोकाच्या वाट्याला वीस पाउंड धरले तरी, तरफेच्या हिशेबाने बोल्टाखाली दीडशे पाउंडांहून, म्हणजे जवळजवळ ७० किलोंहून जास्त दाब येतो. एका बोल्टाच्या भोकासाठी बनवलेली टाच उघड्या खाचेखाली हा दाब कसा सोसेल, हे कारखान्याने कधी तपासलेलंच नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सामाईक जोड तरी कुठे पक्का आहे? वेगवेगळ्या कारखान्यांची आयएलएफ पाती कधी घट्ट बसतात, कधी सैल. आणि खुद्द हॉइटने २०१० च्या सुमारास फॉर्म्युला नावाचा जोड आणून बोल्ट-डव्हटेलमधलं अंतर वाढवलं, त्यामुळे साधी पाती त्या हँडलवर बसेनात. मान्य. खाचेच्या कडेला साचलेलं वार्निश बारीक पॉलिशपेपरने काढायला माझी हरकत नाही; तंतू दिसू लागला की थांबायचं. फॉर्म्युलाचं म्हणाल, तर त्याच कंपनीने जुन्या जोडाची हँडलंही विकायला ठेवली. इतक्या वर्षांची सामाईक सवय एकट्या कारखान्याला मोडता येत नाही, याचा हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. प्रवीणचे आईवडील मजुरी करत. अशा घरातल्या मुलाला लाखांच्या घरातला संच कोण घेऊन देणार? पण जुळणी करायचीच असेल तर ती मधल्या तुकड्यात करता येते. लाकडी हँडलवर, त्याच्याच मूळ बोल्टाने आणि पिनने बसणारी ॲल्युमिनियमची बैठक, आणि तिच्यात आयएलएफची खोबण आणि बोल्ट. म्हणजे हँडल जुनंच राहतं आणि वाढत्या ओढीची पाती घेताना ती थेट आयएलएफची घेता येतात. हे काम भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या टूलरूमच्या आवाक्यातलं आहे. बैठक चुकली तर भंगारात टाकून दुसरी करता येते, आणि ती मोजता येते. तिने धनुष्याची लांबी वाढते, कोन बदलतो, म्हणून आधी कमी ओढीच्या पात्यांवर दोरीची रेघ आणि टिलर तपासायला हवा. अठरा पाउंडांची न कापलेली पाती मात्र मूल पुढे गेल्यावर तशाच हँडलच्या पुढच्या मुलाला, निम्म्या किमतीत का होईना, देता येतात. भोक पाडलेली पाती कुठलाही शहाणा प्रशिक्षक दुसऱ्या मुलाच्या हाती देणार नाही.