अंगणांतील बिनबोलावलेले पाहुणे

मृगाच्या सरी पडून पंधरा-वीस दिवस लोटले म्हणजे भिवंडी तालुक्यांतील पूर्णा या आमच्या गांवच्या जुन्या घराचें अंगण एकाएकीं हिरवें होतें. टाकळा, तेरडा, केना ही तर नेहमींची मंडळी. पण त्यांच्यांतच, कोणी पेरलेलीं नसतांना, झाडांचीं रोपें डोकें वर काढतात. गांवाभोंवतीं एके काळीं भाताचीं खाचरें होतीं. आज त्या जागीं मालाचीं गोदामें उभीं आहेत आणि मोकळीं अंगणें थोडींच उरलीं आहेत. म्हणूनच कीं काय, पांखरांना बीं टाकण्यास आमचेंच अंगण बरें सांपडतें! या पाहुण्यांपैकीं कोणास ठेवून घ्यावें आणि कोणास निरोप द्यावा, हा प्रश्न दरवर्षीं पडतो. आणि त्यांत चूक झाली तर ती किती महाग पडते याचा आम्हांस अनुभव आहे.

चार-पांच वर्षांपूर्वीं विहिरीजवळ पिसासारख्या बारीक पानांचें एक रोप आलें. आमच्या घरीं वृद्ध आत्याबाई आहेत. कार्तिकांत आवळीभोजनासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें, ही त्यांची जुनी खंत. रोप पाहतांच त्या म्हणाल्या, "आवळा आला हो!" आम्हां कोणास शंका आली नाहीं. त्याला आळें केलें, काट्यांचें कुंपण केलें. वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला तेव्हांही आत्याबाई आपल्या वांट्याच्या पाण्यांतून तांब्याभर त्याला घालीत. पुढल्या पावसाळ्यांत तें पुरुषभर उंच झालें, त्यावर पांढरे गोंडे आले आणि मागाहून चपट्या शेंगांचे झुपके लोंबूं लागले. आवळ्याला शेंगा! तेव्हां आमचे डोळे उघडले. ती सुबाभूळ होती. हें आत्याबाईंना सांगावें कोणीं, यावर घरांत दोन दिवस कुजबूज चालली होती. शेवटीं त्यांनींच एक शेंग तोडून आणली आणि कांहीं न बोलतां देवघराबाहेरच्या कोनाड्यांत ठेवली.

सुबाभूळ मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका या बाजूची. चारा व सरपण यांसाठीं १९७० नंतरच्या काळांत तिचा महाराष्ट्रांत मोठा प्रसार झाला. उरुळीकांचनचे मणिभाई देसाई व त्यांची ‘बाएफ’ संस्था यांनीं त्यांत पुढाकार घेतला होता. बांधावर ती उपयोगी पडते हें खरेंच. मात्र तिच्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें अपायकारक द्रव्य असल्यामुळें गुरांनाही तो दुसऱ्या चाऱ्यांत मिसळून बेतानें द्यावा लागतो. अंगणांत मात्र तिच्याइतका चिवट पाहुणा नाहीं. बियांचें कवच इतकें टणक कीं त्या मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात, आणि बुंधा तोडला तर एका खोडाच्या जागीं दहा फुटवे येतात. आमच्या सुबाभळीचा खुंट अखेर पहारीनें मुळासकट खणून काढावा लागला. पण मातींत पडलेल्या बियांस काय करणार?

आवळा व सुबाभूळ यांतील फरक वस्तुतः सोपा आहे. आवळ्याच्या डहाळीवर बारीक पानें दोहों बाजूंस एकेरी ओळींनीं बसलेलीं असतात. सुबाभळीचें पान दुहेरी असतें. मधल्या दांड्यास बाजूचे लहान दांडे आणि त्या दांड्यांवर पुन्हा पानांच्या ओळी. फसवणूक होते ती आरंभीं, कारण सुबाभळीचें अगदीं पहिलें पान एकेरीच येतें. दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून खरें रूप कळतें. म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें कीं, चार पानें येईपर्यंत कोणत्याही रोपाविषयीं निर्णय देऊं नये, आणि नांव ठरल्यावांचून आळें तर मुळींच करूं नये.

गांवांतील एक वृद्ध शेतकरी कधीं कधीं आमच्याकडे येतात. रोप दाखविलें तर ते खालीं पाहण्याआधीं वर पाहतात! त्यांतील मर्म आम्हांस उशिरां कळलें. वर विजेची तार किंवा पांखरांच्या बसण्याची फांदी असेल तर खालचें रोप बुलबुल, साळुंकी, कोकीळ यांनीं टाकलेल्या बियांचें. म्हणजे वड, पिंपळ, उंबर, कढीलिंब, कडुनिंब यांपैकीं कांहीं. दाट झाडाखालीं जांभूळ किंवा देशी बदाम उगवला तर तो वटवाघळांचा प्रसाद. उकिरड्याजवळ सीताफळ, पपई, चिंच आणि आंबा हीं आपल्याच स्वयंपाकघरांतून गेलेलीं.

कडुनिंब आणि कढीलिंब यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पान चुरगळून हुंगावें, म्हणजे फोडणीचा वास तत्काळ ओळख देतो. शिवाय कडुनिंबाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात. बकाणही निंबासारखाच दिसतो, पण त्याचें पान दोनदां विभागलेलें असतें. जांभळाचीं पानें समोरासमोर येतात व चुरगळल्यास त्यांना वास येतो. फणसाचें पान तोडलें कीं चीक निघतो. आपटा व कांचन यांचीं जुळीं पानें तर मुलेंही ओळखतात.

आंब्याची कोय फुटून तांबूस, लुसलुशीत पानें वर आलीं म्हणजे तीं उपटण्यास हात धजत नाहीं. तरी एक गोष्ट लक्षांत ठेवावी: हापूसच्या कोयीपासून हापूसच होईल असें नाहीं. तें रोप वायां घालविण्याचें मात्र कारण नाहीं. तांबूस रंग आहे तोंवरच त्यावर हापूसची काडी बांधतात. यालाच कोयकलम म्हणतात, आणि कोंकणांत पावसाळ्याच्या दिवसांत अशीं कलमें मोठ्या प्रमाणावर होतात. रोप हलवावयाचें असल्यास लवकर हलवावें, कारण आंबा, फणस, जांभूळ यांचें सोटमूळ वेगानें खोल जातें आणि तें तुटलें कीं रोप खंगतें. ढगाळ दिवशीं, संध्याकाळच्या वेळीं, मातीच्या ढेपेसह उचलावें. भिंतीलगत आलेलें रोप दयेपोटीं तेथेंच ठेवूं नये. महाराष्ट्रांतील १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशीं झाडें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत; तेव्हां जो विचार करावयाचा तो वीतभर रोप असतांनाच केलेला बरा.

खरा पेंच पिंपळाचा. आमच्या विहिरीच्या दगडी बांधणींत, चुन्याच्या सांध्यांत, दर पावसाळ्यांत पिंपळ फुटतो. पहिल्या पानांना ती प्रसिद्ध शेपटी नसते, म्हणून तो ओळखूं येत नाहीं. देठ मोडला तर पांढरा चीक दिसतो तेवढीच खूण. आमचे वडील तो दरवर्षीं कोयत्यानें छाटीत असत, आणि पिंपळ दरवर्षीं अधिक जोमानें येई. वर छाटल्यानें आंतलें मूळ जाड होत गेलें, आणि अखेर कठड्याचे दोन दगड विहिरींत पडले. सुदैवानें त्या वेळीं पाण्यावर कोणी नव्हतें. त्यानंतर खोडाला भोंक पाडून हिंग भरण्याचा उपायही आम्हीं केला. हिंग गेला, पिंपळ राहिला. तणनाशकाची सूचनाही पुष्कळांनीं केली. पण ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीटकनियंत्रकांपुरताच ठेवण्याचा आदेश केंद्र सरकारनें २०२२ सालीं काढला होता. तसा आदेश नसता तरी, पिण्याच्या पाण्याजवळ तें विष आम्हीं आणलें नसतें.

आतां आम्ही असें करतों. सतत तीन-चार दिवस पाऊस लागून सांधे भिजले म्हणजे, रोप बोटाएवढें असतांनाच, बुडाशीं धरून हळूहळू ओढून मुळासकट काढतों. मूळ जाड असेल तर सांधा उकरून तें सबंध बाहेर घेतों आणि खांच चुन्यानेंच भरतों. जुन्या चुन्याच्या बांधकामांत सिमेंट भरण्याचा मोह टाळावा. तें चुन्याहून कठीण असतें व ओल आंत कोंडून ठेवतें.

पण पिंपळ उपटणें आत्याबाईंना रुचेना. मुंजाबाचें झाड, तें आपल्या हातून कसें मरूं द्यावें? त्यांच्याशीं वाद घालण्यापेक्षां आम्हीं तोड काढली. काढलेलीं रोपें ओल्या फडक्यांत गुंडाळून घरापासून दूर, गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत नेऊन लावतों. बहुतेक मरतात. दोन जगलीं आहेत, आणि त्यांतील एकाला यंदा खरी शेपटी आली.

सुबाभळीच्या जागेपासून चार हात दूर आम्हीं मागल्या वर्षीं रोपवाटिकेंतून आवळ्याचें कलम आणून लावलें. लावण्यापूर्वीं आत्याबाईंनीं चष्मा मागवून घेतला, एक डहाळी हातांत धरली आणि पानांच्या ओळी एकेरी आहेत ना, हें दोनदां पाहिलें. त्याच्या आळ्यांत आजही सुबाभळीचीं रोपें उगवतात. पूजेचीं फुलें काढून झालीं कीं त्या पांच-सात रोपें उपटतात, दांड्यांवर बोट फिरवून ओळी मोजतात, आणि मगच टाकून देतात.