संमती म्हणजे विरोधाचा अभाव नव्हे

देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. शरणागती आणि संमती यांतील भेदच या निकालाने पुसला, असा आक्षेप वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी व लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये खुल्या पत्राद्वारे घेतला.

कायद्यात संमतीची व्याख्या येण्यास मात्र २०१३ साल उजाडले. शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे, त्या विशिष्ट कृतीसाठी स्त्रीने स्वेच्छेने दर्शविलेली निःसंदिग्ध मान्यता म्हणजे संमती. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हीच व्याख्या आहे.

तरीही २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, परिचितांमधील क्षीण ‘नाही’चा अर्थ ‘होय’ही असू शकतो, अशी मीमांसा करीत आरोपीला संशयाचा फायदा दिला. वास्तविक या व्याख्येनुसार शोध ‘होय’चा घ्यायचा असतो. (गुन्हा सिद्ध करण्याचा भार त्यामुळे आरोपीवर जात नाही, तो सरकारपक्षावरच राहतो.) आणि अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या कलमातूनच वगळले असल्याने तिच्या संमतीचा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.