फ्रेंचांनी मळलेली वाट

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशाच्या शोधाचे श्रेय मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या दोन सेनाधिकाऱ्यांना देण्याचा प्रघात आहे. तो अगदीच अनाठायी नाही. परंतु मे १८०४ मध्ये त्यांच्या नौका मिसुरी नदीत शिरल्या, तेव्हा मँडन लोकांच्या गावांपर्यंतची वाट फ्रेंच भाषिक व्यापाऱ्यांनी केव्हाच मळवून ठेवली होती, ही गोष्ट लोकप्रिय इतिहासात सहसा मागे पडते.

या ओळखीचे मूळ साहसापेक्षा बाजारपेठेत शोधावे लागते. बीव्हर या प्राण्याच्या केसांपासून बनणाऱ्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. कातडी मिळत ती मुख्यतः मूळ रहिवाशांकडून. साहजिकच व्यापाऱ्याला त्यांची भाषा शिकणे, त्यांच्यात राहणे, प्रसंगी सोयरीक जुळविणे भाग पडे. इंग्रज वसाहतवाल्याला प्रामुख्याने जमीन हवी होती, फ्रेंच व्यापाऱ्याला माल. १६८२ मध्ये ला सालने मिसिसिपीचे सारे खोरे चौदाव्या लुईच्या नावे घोषित केले. १७६३ मध्ये तेथील फ्रेंच सत्ता संपली. माणसे मात्र राहिली. सेंट लुईस हे गाव तर त्यानंतर, १७६४ मध्ये, फ्रेंच व्यापाऱ्यांनीच वसविले. पुढे स्पेनकडून परत मिळविलेला लुइझियाना नेपोलियनने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना अमेरिकेला विकला. तेथे राहणाऱ्यांना विचारण्याची गरज विकणाऱ्यालाही वाटली नाही आणि घेणाऱ्यालाही!

लुईस-क्लार्क यांच्या तुकडीत साध्या शिपायाला महिना ५ डॉलर मिळत. फ्रेंच पिता आणि शॉनी माता यांचा पुत्र असलेल्या दुभाषी व शिकारी ड्रुइयारला २५. दुर्मिळ ज्ञानाची किंमत सरकारलाही मोजावी लागली, असाच याचा अर्थ. ऑगस्ट १८०५ मध्ये शोशोनी लोकांकडून घोडे मिळाले नसते, तर रॉकी पर्वत ओलांडणे जवळजवळ अशक्य होते. त्या बोलणीत साकागाविया शोशोनीतून हिदात्सा भाषेत सांगे, तिचा पती शार्बोनो हिदात्सातून फ्रेंचमध्ये आणि लाबिश फ्रेंचमधून इंग्रजीत. अमेरिकी सत्तेचा शब्द शोशोनी प्रमुखापर्यंत पोहोचला तो असा, फ्रेंच भाषेच्या पुलावरून.

मोहीम संपल्यावर शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट चुकते करण्यात आले. साकागावियाच्या नावे काहीच नव्हते.