रक्ताची तपासणी आणि कर्करोगावरील प्रतिकार-उपचार

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अथवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी व औषधे यांचा भार साऱ्या कुटुंबावर पडतो. म्हणूनच औषधाचा गुण येईल किंवा नाही, याचा अंदाज आधी मिळणे मोलाचे आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात. परंतु कर्करोगाच्या पेशी त्यांना लगाम घालतात. हा लगाम सोडविणे हे इम्युनोथेरपीचे, म्हणजेच प्रतिकार-उपचाराचे, एक प्रमुख तत्त्व होय. त्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध अतिशय महाग आहे. टाटा रुग्णालयाने डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगावर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहून कमी औषध गोळ्यांच्या उपचाराला जोडले असता, वर्षअखेर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तथापि, गुण सर्वांनाच येतो असे नाही.

येथे साधी रक्ततपासणी उपयोगी पडू शकते. पांढऱ्या पेशींत न्युट्रोफिल ६० टक्के व लिम्फोसाइट ३० टक्के असल्यास त्यांचे गुणोत्तर २ येते. ८० व १० टक्के असल्यास ते ८ होते. कर्करोगाशी झुंजण्यात लिम्फोसाइटचा वाटा मोठा असतो. उलट शरीरात दाह वाढला की न्युट्रोफिल वाढतात. त्यामुळे गुणोत्तर मोठे असलेल्या रुग्णांत उपचाराचा गुण सरासरीने कमी येतो, असे अनेक पाहण्यांत आढळून आले आहे. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी सुमारे दहा हजार रुग्णांच्या नोंदींच्या आधारे, नेहमीच्या रक्ततपासणीतील अनेक आकडे एकत्र पाहणारी 'स्कॉर्पिओ' ही संगणकीय पद्धत २०२५ साली मांडली.

मात्र हा अंदाज आहे, निवाडा नव्हे. ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या यांमुळेही हे आकडे बदलतात. या गुणोत्तराने कर्करोगाचे निदान होत नाही. म्हणून केवळ एका आकड्यावरून कोणीही उपचार सोडू नये. रक्ततपासणीचे सर्व कागद तारीखवार जपून ठेवावेत, चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत आणि निर्णय त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा, हेच रुग्णाच्या हिताचे आहे.