पाणवठ्यावरचे छायाचित्र: पारख आणि संपादन

पाण्याकाठी टिपलेल्या प्राण्याच्या छायाचित्रात दोन विषय असतात: प्राणी आणि पाणी. पाहणाऱ्याची नजर प्राण्यावर खिळते, पण चित्र जमले की फसले हे बहुतेक वेळा पाणी ठरवते. पाणी कधी आरसा होते, कधी काच, तर कधी रंगीत पडदा. त्या क्षणी ते काय होणार, हे प्रकाशाच्या साध्या नियमांवर अवलंबून असते. हे नियम ठाऊक असले, की छायाचित्राची पारख आणि संगणकावरचे संपादन ही दोन्ही कामे नुसत्या अंदाजाची राहत नाहीत.

या अभ्यासाला कबनूरच्या परिसराइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला खेटून आहे. इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नदीच्या उथळ कडेला बगळे, शेकाटे, खंड्या आणि पाणकावळे दिसतात. सांगलीकडच्या कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत, तर पश्चिमेला राधानगरीच्या रानात गवे पाण्यावर येतात. पांढराशुभ्र पक्षी, चिखलाच्या रंगाची मगर आणि काळाभोर गवा, या तिघांची परीक्षा वेगवेगळी असते.

आरसा आणि काच

पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग परावर्तित होतो आणि उरलेला आत शिरतो. सरळ वरून पाहिले तर जेमतेम २ टक्के प्रकाश परत येतो. म्हणूनच पुलावरून खाली पाहिल्यावर, पाणी नितळ असेल तर तळाचे दगड दिसतात. नजर पाण्याला जितकी समांतर होत जाते तितके परावर्तन वाढते. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन असताना ते साधारण ३५ टक्क्यांवर पोचते. काठावर पालथे पडून टिपलेल्या चित्रात प्रतिबिंब ठसठशीत येते आणि घाटाच्या वरच्या पायरीवरून टिपलेल्या चित्रात ते फिके पडते, ते यामुळेच.

पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ एकाच प्रतलात कंप पावतो. पोलरायझर फिल्टर फिरवून तो अडवता येतो. मग पाण्यावरची चकाकी जाते आणि खालची मगर दिसू लागते. मात्र हे काम फोटो काढतानाच करावे लागते. चकाकीखाली जे होते ते सेन्सरवर नोंदलेच गेलेले नसते, त्यामुळे संपादनात ते परत आणता येत नाही.

प्रतिबिंब खरे की जोडलेले

प्रतिबिंब म्हणजे प्राण्याचे चित्र उलटे करून खाली चिकटवणे नव्हे. कॅमेरा पाण्यापासून जितका उंच असेल, तितक्याच खोलीवरून वर पाहिल्यासारखे दृश्य प्रतिबिंबात दिसते. उथळ पाण्यात मान पुढे काढून उभा असलेला बगळा घ्या. काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्याची पाठ आणि चोचीची वरची कड दिसते; प्रतिबिंबात मात्र त्याचे पोट आणि चोचीची खालची बाजू दिसते. दोन्हीकडे हुबेहूब एकच आकृती असेल, तर कॅमेरा पाण्याच्या अगदी पातळीवर होता किंवा प्रतिबिंब संगणकावर तयार केले आहे, असे समजावे.

दुसरी खूण उजेडाची. परावर्तनात प्रकाश घटतो, म्हणून प्राण्याचा उजळ भाग प्रतिबिंबात मंद होतो. त्याच वेळी गढूळ पाण्यातले मातीचे कण स्वतः प्रकाश विखुरतात. त्यामुळे प्राण्याचा काळा भाग प्रतिबिंबात किंचित उजळ दिसतो. थोडक्यात, प्रतिबिंबातला काळ्या-पांढऱ्याचा फरक मूळ प्राण्यापेक्षा कमी असतो. पांढरा बगळा पाण्यात अधिक पांढरा दिसत असेल तर संपादकाचा हात जड झाला आहे. जलरंगात निसर्गचित्रे काढणारे चित्रकार हा नियम जाणतात. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून पाणी आणि प्रकाश रंगवणाऱ्या आबालाल रहिमान यांच्या कोल्हापुरात तरी हे वेगळे सांगायला नको.

तिसरी खूण लाटांची. बारीक तरंगांमुळे प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते आणि तुटते. आडवे ते फारसे पसरत नाही. सावलीचेही असेच काही नियम आहेत. गढूळ पाण्यावर सावली स्पष्ट उमटते, नितळ खोल पाण्यावर जवळजवळ उमटत नाही.

बगळ्याचा पांढरा, गव्याचा काळा

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालतो. काळसर पाण्यात एकटा बगळा असेल, तर अंधाराचा भाग मोठा म्हणून कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि बगळ्याची पिसे जळून सपाट पांढरी होतात. सेन्सरचा बिंदू एकदा पूर्ण भरला की त्याच्यावरची माहिती कायमची जाते. अशा वेळी एक्सपोजर एखादा स्टॉप कमी ठेवून सावलीचा भाग नंतर उजळणे शहाणपणाचे. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६. पिसांचा पोत टिकवायचा तर संपादनाची सुरुवात रॉ फाइलपासूनच हवी.

राधानगरीचा गवा उलटी अडचण उभी करतो. नराचे अंग जवळजवळ काळे आणि गुडघ्याखालचे पाय मोज्यांसारखे पांढरे. त्याने चौकट भरली की कॅमेरा त्याला करडा करून टाकतो आणि पाय जळतात. संपादनात पायांचा उजेड आधी सांभाळावा, मग अंगावरचे स्नायू दिसतील इतपतच सावल्या उघडाव्यात. सावल्या फार उघडल्या तर दोन दोष दिसू लागतात: काळा गवा राखी होतो आणि अंधारात दाणेदार खरखर वर येते. प्रकाश चौपट मिळाला तर खरखरीच्या तुलनेत चित्राची स्पष्टता दुप्पट होते. म्हणून अंधाऱ्या भागातून फार काही मागू नये. खरखर घालवणारी साधने वापरतानाही ओलसर केस आणि पिसांचे काठ मेणासारखे गुळगुळीत झाले नाहीत ना, हे पूर्ण मोठे करून तपासावे.

रंग म्हणजे ओळख

पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी गाळाने तांबूस होते, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवट. त्याला निळे करण्याचा मोह आवरावा, कारण तो रंग त्या ऋतूची नोंद असते. पक्ष्यांच्या बाबतीत तर रंग हीच ओळख असते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे असतात. गायबगळ्याची चोच पिवळी असते. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या चोचीचा किंवा डोळ्यांपुढच्या उघड्या त्वचेचा रंग बदलतो. व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे झुकवला किंवा रंगांची तीव्रता वाढवली, तर जाणकारही चुकीची जात सांगेल. पांढरी पिसे खरोखर पांढरी दिसतील इतका समतोल साधला की बाकीचे रंग बहुधा जागेवर येतात. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात मात्र पिसेही सोनेरी असतात. तिथे त्यांना बळेच पांढरे करू नये.

क्षण, चौकट आणि ओळंबा

सेकंदाला ५ मीटर वेगाने उडणारा पाण्याचा थेंब १/२५० सेकंदात २ सेंटिमीटर सरकतो, १/२००० सेकंदात अडीच मिलिमीटर. सूर मारणाऱ्या खंड्याभोवतीचे थेंब गोठवायचे तर यातला दुसरा शटरवेग लागतो. ठरवून मंद शटर वापरून वाहते पाणी रेशमी करता येते, पण तेव्हाही प्राण्याचा डोळा स्पष्ट हवा. पारख करणाऱ्याने पहिल्यांदा डोळा पाहावा.

चित्र सरळ आहे का, हे नदीच्या काठावरून ठरवणे फसवे असते, कारण काठ दूर जाताना तिरका दिसतो. चौकटीच्या मध्याजवळ प्राण्याचा एक बिंदू आणि त्याचेच प्रतिबिंब जोडणारी रेषा ओळंब्यात असावी. क्रॉप करताना प्रतिबिंब अर्ध्यात कापू नये: एकतर पूर्ण ठेवावे, नाहीतर प्राण्याच्या बाजूने घट्ट चौकट घ्यावी. लांबी-रुंदी निम्मी केली की २४ मेगापिक्सेलमधले ६ च उरतात, हेही लक्षात ठेवावे.

संपादनाची हद्द

उजेड, रंगसंतुलन, चौकट आणि तीक्ष्णता सुधारणे हे जुन्या डार्करूममधल्या कामाचेच पुढचे पाऊल आहे. जलपर्णी पुसणे, दुसरा पक्षी जोडणे किंवा प्रतिबिंब बनवणे यामुळे मात्र नोंद खोटी होते. पंचगंगेवरची जलपर्णी आणि काठावरचे प्लास्टिक ही त्या प्राण्याच्या जगण्याची वस्तुस्थिती आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ सालच्या उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राचा पुरस्कार पुढच्या वर्षी काढून घेण्यात आला. तो लांडगा पाळीव असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. २०१७ मधल्या मुंगीखाऊच्या चित्राचेही पारितोषिक २०१८ मध्ये रद्द झाले, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही चित्रे देखणी होती, पण वन्यजीवनाच्या नोंदीत देखणेपणाला खरेपणाची जागा घेता येत नाही.

पारखीचा अखेरचा भाग चित्र मिळवण्याच्या पद्धतीचा. उन्हाळ्यात पाणवठा ही प्राण्याची निकड असते. तिथून त्याला हुसकावले तर तो तहानलेलाच परत जातो. मान ताठ करून कॅमेऱ्याकडे रोखलेले गव्याचे डोळे किंवा डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारी टिटवी या खुणा सांगतात की छायाचित्रकार फार जवळ गेला होता. असे चित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असले तरी त्याला वरचा क्रम देऊ नये. घरट्याजवळच्या चित्रात नेमके ठिकाण उघड करू नये आणि फाइलमधली जीपीएस नोंद प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी. मूळ रॉ फाइल, तारीख, परिसर आणि केलेले बदल स्वतःजवळ लिहून जपावेत. त्या नोंदीसह ठेवलेले चित्र वीस वर्षांनीही नदीकाठी कोणते पक्षी होते आणि पाणी कसे होते, याचा पुरावा म्हणून वापरता येते.