बर्फाच्या उतारावरचे वैद्यकीय पथक

ऑस्ट्रियातील किट्झब्यूहेलच्या ‘श्ट्राइफ’ या ३,३१२ मीटर लांबीच्या उतारावरच्या शर्यतीत स्कीपटू ताशी १४० किलोमीटरपर्यंत वेग गाठतात. अशा स्पर्धांत वैद्यकीय पथकातील स्वयंसेवकाला उपचारांइतकेच स्कीइंगही सफाईने यावे लागते, कारण मार्गावरचा बर्फ मुद्दाम टणक केलेला असतो. पथके ठरावीक टप्प्यांवर वॉकीटॉकी घेऊन सज्ज असतात. कोणी पडले की पुढचा स्पर्धक थांबवतात, मगच पथक मार्गावर उतरते. आधी रक्तस्राव आणि श्वास पाहायचा, मान हलू द्यायची नाही, अंग गार पडू द्यायचे नाही. पुढचा प्रवास स्ट्रेचरच्या घसरगाडीने किंवा हेलिकॉप्टरने. २००९मध्ये श्ट्राइफवरच कोसळलेला स्वित्झर्लंडचा डॅनिएल आल्ब्रेख्त सुमारे तीन आठवडे कोमात होता. पुढे तो पुन्हा शर्यतीत उतरला.